मोंबासा, झांझिबारची बोट आणि चार वाजताचा घोळ

तुम्ही लिहिले आहे की केनियातल्या मोंबासाच्या जुन्या बंदरात टांझानियातल्या झांझिबार बेटाच्या बोटीसाठी तीन दिवस हेलपाटे घातले, सांगितलेल्या वेळी कार्यालय प्रत्येक वेळी बंद सापडले, आणि आता ते शहरच अस्वच्छ, उकाड्याचे आणि बेभरवशाचे वाटू लागल्यामुळे उरलेले दिवस तिथे काढावेत की नाही, असा प्रश्न पडला आहे. हे वाचताना जानेवारी २०१८ मधले माझे पाच दिवस मला जसेच्या तसे आठवले, म्हणून सविस्तर उत्तर लिहिते आहे. केनियाचा प्रवेश परवाना, चलन आणि राहण्याची सोय या गोष्टी तुम्ही पार पाडल्याच आहेत, त्यामुळे त्यांत शिरत नाही. मी एकाच प्रवाशाच्या अनुभवावरून बोलते आहे, तेव्हा नियमांच्या बाबतीत निघण्यापूर्वी स्वतः खात्री करून घ्यावी.

सर्वांत आधी महत्त्वाचे सांगते. मोंबासाहून झांझिबारला नियमित प्रवासी बोट नाही. जुन्या बंदरात लागतात ती मालवाहू जहाजे, ज्यांना तिथे जहाझी म्हणतात, आणि त्यांतून परदेशी पर्यटकाने जाणे हा हमखास मार्ग नव्हे. हे मला कोणी पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितले असते, तर त्या शहराची माझ्या मनातली प्रतिमा पूर्ण वेगळी झाली असती.

मी त्या बोटीच्या नादाला लागले, त्यालाही कारण होते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत वाहणाऱ्या ईशान्येच्या वाऱ्याला स्वाहिली लोक कास्काझी म्हणतात, आणि याच वाऱ्यावर पश्चिम भारतातली गलबते शतकानुशतके त्या किनाऱ्याला लागत आली. पुढे वाफेच्या जहाजांच्या काळात ‘कंपाला’ आणि ‘करंजा’ ही जहाजे मुंबईहून मोंबासाला प्रवासी नेत असत, आणि १९७०च्या दशकापर्यंत तो मार्ग चालू होता. माझे बालपण कोकणात गेले असल्यामुळे कास्काझीच्या दिवसांत जहाझीतून झांझिबारला उतरायचे, हे मी घरूनच ठरवून निघाले होते. प्रत्यक्षात आज बंदराचा सगळा मोठा व्यवहार मोंबासा बेटाच्या पश्चिमेला किलिंदिनी येथे चालतो, आणि पूर्वेकडच्या जुन्या बंदराला केवळ लहान मालवाहू जहाजे उरली आहेत. जुना इतिहास मी वाचून गेले होते, पण आजची स्थिती विचारून घेतली नव्हती.

बंदराजवळच्या एका छोट्या कार्यालयात मी चौकशी केली. तिथल्या गृहस्थांनी अत्यंत अदबीने ‘केशो, सा न्ने’ असे सांगितले, म्हणजे उद्या, चार वाजता, आणि मला नीट समजावे म्हणून कागदाच्या चिठोऱ्यावर ४ हा आकडाही लिहून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मी पोहोचले, तेव्हा दाराला कुलूप होते. पहारेकरी म्हणाला, ‘केशो’. तिसऱ्या दिवशीही तेच झाले. तोवर हे लोक आपल्याला फसवत आहेत, अशी माझी खात्री होत आली होती, आणि तुमच्या लिहिण्यातही नेमकी तीच चीड दिसते आहे.

त्या संध्याकाळी जुन्या शहरात निखाऱ्यावर पितळी भांडे ठेवून कडू कॉफी विकणाऱ्या एका वृद्धांनी मला उलगडा करून दिला. स्वाहिलीत दिवसाचे तास मध्यरात्रीपासून मोजत नाहीत, सूर्योदयापासून मोजतात. मोंबासा विषुववृत्तापासून जेमतेम ४ अंश दक्षिणेला असल्यामुळे तिथे सूर्य वर्षभर सहाच्या आगेमागेच उगवतो, आणि सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. त्या हिशोबाने ‘सा न्ने’ म्हणजे सकाळचे दहा, आणि मी ज्या वेळी दारात उभी राहत होते ती दुपारची चारची वेळ म्हणजे त्यांची ‘सा कुमी’, दहा. फरक नेहमी सहा तासांचाच असतो. आपल्याकडेही पंचांगात घटका सूर्योदयापासूनच मोजतात, त्यामुळे ही पद्धत आपल्याला परकी वाटायला नको होती, पण मला ती कल्पना शिवलीसुद्धा नाही. ते गृहस्थ दोन्ही दिवस सकाळी माझी वाट पाहत बसले होते. तुम्हाला सांगितलेली वेळ कोणती होती ते लिहिलेले नाही, पण ती स्वाहिलीत सांगितली असेल, तर आधी तिच्यात सहा तास मिळवून पाहा.

इथवरची चूक माझी होती, हे मी मान्य करते. पुढे जे झाले त्याबद्दल मात्र त्या कार्यालयाला मी आजही माफ करू शकत नाही. चौथ्या दिवशी सकाळी दहाला गेल्यावर मला सांगण्यात आले की तांडेलाची, म्हणजे जहाजाच्या प्रमुखाची, संमती आहे, केवळ कागदपत्रे करावी लागतील, आणि त्यासाठी ३००० शिलिंग मागितले गेले. मी पावतीशिवाय पैसे दिले. मग शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका खात्याकडून पत्र आणायला पाठवले गेले, तिथे दोन तास बसवून ठेवल्यावर असे पत्र आम्ही देतच नाही, असे उत्तर मिळाले, आणि परत आल्यावर पहिल्या कार्यालयातल्या नव्या माणसाने शांतपणे सांगितले की परदेशी माणसाला या जहाजातून नेत नाहीत. पैसे परत मिळाले नाहीत. त्याहून मोठा तोटा झांझिबारला आगाऊ भरलेल्या खोलीचा झाला, कारण तिचे भाडे परत मिळणारे नव्हते. जे काम होणारच नाही हे कार्यालयाला पहिल्या दिवसापासून माहीत होते, त्यासाठी एकट्या प्रवासिनीला चार दिवस झुलवत ठेवणे हा अन्यायच आहे, मग तो कितीही गोड बोलून केलेला असो.

पुष्कळ विचार केल्यावर मला वाटते की माझी खरी चूक प्रश्नाच्या रचनेत होती. मी प्रत्येकाला ‘झांझिबारची बोट कधी सुटते?’ असे विचारत होते. या प्रश्नात बोट आहे, हे मीच गृहीत धरले होते, आणि पाहुण्याला थेट ‘नाही’ म्हणणे तिथे अवघड मानतात, असा माझा अनुभव आहे, त्यामुळे प्रत्येक जण ‘कधी’चेच काहीतरी उत्तर देत राहिला. ‘गेल्या आठवड्यात या बोटीतून कोणी परदेशी प्रवासी गेला का?’ असे विचारले असते, तर पहिल्याच दिवशी खरे उत्तर मिळाले असते. आता कोणत्याही अनोळखी बंदरात मी असाच प्रश्न विचारते, आणि पावतीशिवाय कोणालाही पैसे देत नाही.

आता शहराबद्दल. तुमच्या तक्रारी खोट्या नाहीत. जानेवारी ते मार्च हा तिथला सर्वांत उष्ण काळ असतो आणि दमट हवेने जीव नकोसा होतो, मटाटूंचे, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसचे, कर्णे थांबत नाहीत, कचरा दिसतो, आणि फोर्ट जीझस या किल्ल्याच्या दारात वाटाडे म्हणवणारे लोक पाठ सोडत नाहीत. तरीही माझे आग्रहाचे सांगणे आहे की बोटीचा राग शहरावर काढू नका. कार्यालयांत घालवलेल्या तासांनी मोंबासाबद्दलचे माझे मत इतके कडवट केले होते की फोर्ट जीझस मी शेवटच्या दिवशी, घाईघाईने पाहिला, आणि याची खंत मला पैशांहून अधिक आहे.

हा किल्ला पोर्तुगीजांनी १५९३ ते १५९६ या काळात बांधला, तो गोव्याच्या सत्तेखाली होता, आणि २०११ मध्ये त्याला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. १६३१ मध्ये तिथल्या पोर्तुगीज कप्तानाला मारून किल्ला ताब्यात घेणारा मोंबासाचा सुलतान युसुफ बिन हसन हा गोव्यातच वाढला आणि शिकला होता. १६९६ पासून ओमानी अरबांनी वेढा घातला, तो १६९८ च्या अखेरीस किल्ला पडेपर्यंत चालला, आणि या वेढ्यात मदतीला आलेले ‘सांतो अंतोनियो द तन्ना’ हे पोर्तुगीज लढाऊ जहाज १६९७ मध्ये किल्ल्यासमोरच बुडाले. ते जहाज वसईला बांधलेले होते, आणि नावातले तन्ना म्हणजे आपले ठाणे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस समुद्रात बुडी मारणाऱ्या संशोधकांनी त्याचे उत्खनन केले, आणि वर काढलेल्या वस्तू किल्ल्यातल्या संग्रहालयात मांडल्या आहेत. वसईच्या किनाऱ्यावर घडवलेले जहाज तिथल्या तळाशी सापडले, हे मला त्या दालनात उभे राहिल्यावर कळले, आणि तेव्हा माझ्या हाती अर्धाच तास उरला होता. तुम्ही निदान एक पूर्ण सकाळ राखून ठेवा, आणि उन्हे चढण्यापूर्वी जा.

जुन्या शहरातल्या गल्ल्या सावलीसाठीच अरुंद ठेवलेल्या आहेत, त्यामुळे दुपारीही तिथे हिंडता येते. सकाळी म्बाझी आणि महामरी नक्की खा. म्बाझी म्हणजे आपली तूरच, नारळाच्या दुधात शिजवलेली, आणि महामरी हा वेलदोडा घातलेला तळलेला गोडसर पाव. शाकाहारी माणसाचे तिथे हाल होत नाहीत. बियाशारा रस्त्यावर कांगा, म्हणजे तिथल्या बायका गुंडाळतात ते छापील सुती वस्त्र, घ्या, त्याच्या काठावर छापलेल्या स्वाहिली ओळीचा अर्थ दुकानदार हौसेने समजावून सांगतात. बेटावरून दक्षिण किनाऱ्याला नेणाऱ्या लिकोनीच्या फेरीबोटीवर मात्र कॅमेरा बाहेर काढू नका, तिथे छायाचित्रण निषिद्ध आहे.

झांझिबारला जायचेच असेल, तर सरळ बस धरा. बस लुंगा लुंगा येथे टांझानियाची सीमा ओलांडते आणि टांगा शहरामार्गे दार-एस-सलामला पोहोचते, त्यात पूर्ण दिवस जातो, आणि तिथून वेगवान बोटीने साधारण दोन तासांत झांझिबार येते. सीमेवर पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मागतात, कारण तुम्ही केनियातून येत असता, आणि भारतात परततानाही ते लागतेच, म्हणून ते सामानात न टाकता पारपत्रासोबत ठेवा. पूर्व आफ्रिकेचा जो सामायिक पर्यटक व्हिसा आहे तो केनिया, युगांडा आणि रवांडासाठी आहे, टांझानियाचा त्यात समावेश नाही, आणि या गैरसमजापायी सीमेवर अडकलेले दोघे मला भेटले होते. ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारने प्रत्येक परदेशी पर्यटकाला ४४ डॉलरचा विमाही सक्तीचा केला आहे, माझ्या वेळी तो नव्हता.

बसचे तिकीट आदल्या दिवशीच काढा, पावती घ्या, आणि त्यावर लिहिलेली वेळ स्वाहिली आहे की आपल्या घड्याळाची, हे खिडकीवरच विचारून तिकिटाच्या मागे स्वतःच्या हाताने लिहून ठेवा.