पानांची ताकद लपवायची कशी?

प्रश्न : आम्ही सहा मित्र महिन्यातून एकदा टेक्सास होल्डेम पोकर (प्रत्येकाच्या हातात दोन पाने, टेबलावर सर्वांसाठी पाच) खेळतो. पैसे लावत नाही, केवळ चिप्सचा हिशोब ठेवतो. हल्ली मी मोठी बोली लावली की सगळे पाने टाकतात आणि लहान लावली की अंगावर येतात. म्हणून मी अधूनमधून मधल्या जोडीवर मोठी बोली लावून ब्लफ करू लागलो, तर नेमका तेव्हाच कॉल येतो, म्हणजे समोरचा तितक्याच चिप्स घालून डावात राहतो. चेहरा निर्विकार ठेवण्याचा सरावही केला. चूक कुठे होते आहे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपले गुपित चेहऱ्यावरून नव्हे, बोलीच्या आकारावरून फुटते आहे. चांगल्या पानांवर मोठी आणि साधारण पानांवर लहान बोली लावणारा खेळाडू काळा चष्मा घालून बसला, तरी समोरच्याला त्याचे पान न पान दिसते. तीन पत्ती खेळलेल्यांना हे चटकन पटेल : ब्लाइंड खेळणाऱ्याच्या चालीवरून काही ओळखता येत नाही, कारण त्याची पाने त्यालाच ठाऊक नसतात. पाने पाहिलेली असूनही आपल्या बोलीतून तितकेच कमी कळावे, हा पोकरमधील समतोलाचा हेतू आहे. त्यासाठी हातात आत्ता काय आहे एवढाच विचार पुरत नाही. इतर कोणकोणती पाने असती तरी आपण इथपर्यंत असेच खेळत आलो असतो, तेही पाहावे लागते. त्या सगळ्या संभाव्य पानांना मिळून खेळाडू रेंज म्हणतात.

एक डाव घेऊ. टेबलावर बदाम राजा, बदाम नव्वी, चौकट पंजी, किलवर दुर्री आणि शेवटी इस्पिक तिर्री आली आहे. आपल्या रेंजमध्ये राजांची, नव्वींची किंवा पंजींची जोडी हातात असण्याचे प्रत्येकी ३ प्रकार, म्हणजे तीन सारख्या पानांचे (टेबलावरचे एक धरून) एकूण ९ प्रकार, आणि एकाच रंगाच्या राजा-नव्वीचे ३ प्रकार आहेत असे धरू. ही झाली १२ भक्कम पाने. आता पॉटमध्ये (मधल्या ढिगात) १०० चिप्स असताना आपण १०० ची बोली लावली, तर समोरच्याला २०० जिंकण्यासाठी १०० घालावे लागतात. तीनपैकी एका वेळी जरी आपण ब्लफ करत असलो, तरी त्याला कॉल करणे आणि पाने टाकणे सारखेच पडते. म्हणून १२ भक्कम पानांबरोबर ६ ब्लफ हवेत. बदामांचा फ्लश (एकाच रंगाची पाच पाने) हुकलेल्या जोड्या त्यासाठी आयत्याच आहेत : राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, दश्शी-अठ्ठी, अठ्ठी-सत्ती आणि सत्ती-छक्की. बोली ५० ची असेल, तर समोरच्याचा भाव तीनास एक होतो (५० घालून १५० जिंकायचे) आणि ब्लफ चारच उरतात. बोली जितकी मोठी तितके ब्लफ जास्त, हे अनेकांना उलटे वाटते. (बारकाईने पाहिल्यास बदामाची पाने ब्लफला आदर्श नाहीत, ती आपल्या हातात असल्यामुळे फ्लश हुकून पाने टाकणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची शक्यताच कमी होते. घरगुती खेळात मात्र एवढ्या खोलात जाण्याचे कारण नाही.)

आपली दुसरी चूक ब्लफसाठी मधली जोडी निवडण्याची आहे. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी अर्थतज्ज्ञ ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासह १९४४ साली लिहिलेल्या खेळांच्या सिद्धान्तावरील ग्रंथात पोकरचे सोपे गणिती रूप सोडवले आहे, आणि त्यात ब्लफ येतो तो सर्वांत कमकुवत पानांवर. कारण उघड आहे. मधल्या जोडीवर मोठी बोली लावली, तर आपल्याहून वरचढ पाने कॉल करतात आणि हलकी पाने निघून जातात. तीच जोडी चेक केली असती, म्हणजे बोली न लावता पुढे गेला असतात, तर त्या हलक्या पानांपुढे ती फुकटात जिंकली असती. हुकलेल्या फ्लशला मात्र ब्लफखेरीज जिंकण्याचा मार्ग नसतो.

समतोल चेकमध्येही लागतो. आपण प्रत्येक भक्कम पानावर बोली लावत असाल, तर आपला चेक म्हणजे दुबळेपणाची कबुली ठरते. अंगावर येणारे मित्र तेवढेच हेरतात. म्हणून तीन सारखी पाने जमली असताना कधीकधी चेक करून समोरच्याला बोली लावू द्यावी. फ्लॉपच्या (टेबलावरील पहिल्या तीन पानांच्या) आधीची रेझ, म्हणजे वाढवलेली बोली, तर सर्व पानांवर एकाच आकाराची ठेवावी. हा सर्वांत सोपा उपाय आहे आणि तो आजपासून करता येईल.

प्रश्न : 'कधीकधी' हे ठरवायचे कसे? मनाने ठरवले की माझा एक साचा बनतो.
– तेच वाचक

उत्तर : मनावर सोपवूच नये. मनगटी घड्याळाचा सेकंद काटा पाहावा : तीनपैकी एकदा ब्लफ करायचा असेल आणि काटा पहिल्या वीस सेकंदांत असेल तर बोली, नाहीतर चेक. अर्थात काट्याकडे फक्त अडचणीच्या वेळीच पाहू लागलात, तर तीही खूणच होईल. ती सवय प्रत्येक डावात हवी.

आपल्या सहा जणांत कशालाही कॉल करणारा एखादा असेलच. त्याच्यासमोर वरील हिशोब बाजूला ठेवून ब्लफ पूर्ण बंद करावा आणि चांगल्या पानांवर सढळ बोली लावावी, कारण जो पाहतच नाही त्याच्यापासून लपवायचे काय? उरलेल्यांसाठी मात्र, सगळ्यांनी पाने टाकून डाव आपल्याला मिळाल्यावर हौसेने आपली पाने दाखवू नका. नियमाने ती दाखवावी लागत नाहीत.