व्हॅम्पायर उन्हात मेलाच पाहिजे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या कादंबरीतला व्हॅम्पायर दिवसाढवळ्या बाजारात फिरतो, आणि हस्तलिखित वाचलेला मित्र म्हणतो की हा खरा व्हॅम्पायरच नव्हे. मग खरे नियम कोणते, आणि लेखकाने ते किती वाकवावेत?

मित्राला आधी हे सांगा की खुद्द ड्रॅक्युला दिवसा फिरतो. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या कादंबरीत जोनाथन आणि मीना हार्कर लंडनच्या पिकॅडिलीतून दिवसाउजेडी चाललेले असतात. एका दुकानासमोर बग्गीत एक देखणी मुलगी बसलेली असते आणि तिच्याकडे टक लावून बघत एक उंच, सडपातळ माणूस उभा असतो. काळ्या मिशा, टोकदार दाढी. जोनाथन त्याला ओळखतो आणि भीतीने पांढराफटक पडतो. उन्हात ड्रॅक्युलाची ताकद आटते, जीव जात नाही. दिवसा रूप पालटायचं तर त्याला भर मध्यान्ह किंवा उगवती-मावळतीचा नेमका क्षण गाठावा लागतो. त्याचा शेवटही लाकडी मेखेने होत नाही. मेख ठोकतात ती व्हॅम्पायर झालेल्या लूसीच्या, मीनाच्या मैत्रिणीच्या, छातीत. ड्रॅक्युलाच्या गळ्यावरून जोनाथनचा सुरा फिरतो, त्याचा साथीदार क्विन्सी मॉरिसचा सुरा काळजात शिरतो, आणि देहाची माती होते.

उन्हाने मरणारा व्हॅम्पायर रूढ केला तो १९२२ सालच्या जर्मन मूकपटाने, ‘नॉस्फेराटू’ने. स्टोकरच्या कादंबरीचे हक्क न घेता, नावं बदलून काढलेला हा सिनेमा. त्यात एक स्त्री काउंट ऑर्लॉक या व्हॅम्पायरला पहाट होईपर्यंत आपल्यापाशी अडकवून ठेवते आणि पहिल्या उन्हात तो विरून जातो. पडद्यावर हे दृश्य इतकं ठसलं की पुढच्या पिढ्यांनी तोच मूळ नियम धरला.

त्याच्याही मागे गेलात तर चित्र आणखी वेगळं दिसतं. अठराव्या शतकात सर्बियातल्या गावांत थडगी उकरली गेली, ऑस्ट्रियाच्या लष्करी डॉक्टरांनी त्यावर अहवाल लिहिले. त्यांतला व्हॅम्पायर म्हणजे फुगलेला, लालसर चेहऱ्याचा, मेलेला गावकरी. फिकट चेहऱ्याचा, बैठकीत वावरणारा उमराव आला तो १८१९ साली, जॉन पॉलिडोरीच्या कथेतून. तिथे चांदण्याने व्हॅम्पायर पुन्हा जिवंत होतो! म्हणजे नियमांची एकच पोथी कधी नव्हतीच. प्रत्येकाने हवं ते उचललं, नको ते टाकलं.

माझं मत विचाराल तर व्हॅम्पायरची ताकद फारशी महत्त्वाची नसते. वेग, बळ, अमरत्व हे सगळ्यांकडेच असतं. त्याला काय अडवतं आणि तो कशावाचून राहू शकत नाही, या दोन गोष्टींवर कथा उभी राहते. शेरिडन ल फानूची कार्मिला (१८७२) बघा. ती दुपारी एकच्या सुमाराला खाली येते, पेलाभर चॉकलेट पिते, बाकी काही खात नाही, आणि जरा फिरली की दमते. आजारी पाहुणीच वाटते ती! तिच्यावर बंधन काय, तर खोटं नाव घ्यायचं झालं तरी स्वतःच्याच नावाची अक्षरं फिरवून घ्यायची: मिरकाला, मिलार्का, कार्मिला. एवढ्याशा अटीतून ती दीडशे वर्षांपूर्वी मेलेली मिरकाला असल्याचं उघड होतं.

रिचर्ड मॅथेसनने १९५४ साली ‘आय ॲम लेजंड’मध्ये सगळ्याला जंतूचं कारण दिलं. ती कादंबरी मला फार मोलाची वाटते ती क्रूसाच्या मुद्द्यासाठी: रूढ कथांत व्हॅम्पायर क्रूस बघून घाबरतो. त्याचा नायक नेव्हिल विचार करतो की क्रूसाला घाबरायला मुळात ख्रिस्ती असावं लागेल. ज्यू, हिंदू, मुसलमान, नास्तिक व्हॅम्पायर त्याला का भ्यावा? तुमची कथा इथल्या मातीत घडत असेल तर या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला पहिल्या प्रकरणाआधीच ठरवावं लागेल. परदेशी कथेतला क्रूस काढून तिथे नुसता अंगारा ठेवला तर काम भागणार नाही.

ॲन राइसने १९७६ साली ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’मध्ये लसणाची आणि क्रूसाची भीती, आरशात न दिसणं, सगळं बाजूला सारलं; आग आणि ऊन ठेवलं, आणि त्याबरोबर अंतहीन आयुष्याचा पस्तावा. ‘ट्वायलाइट’मध्ये ऊन पडलं की कातडी चमकते. त्यावर फार टीका झाली. माझी हरकत चमकण्याला नाहीच. ऊन टाळण्याची किंमत तिथे फारच कमी मोजावी लागते, ही हरकत आहे.

पोलिश लेखक सापकोव्स्कीच्या ‘विचर’ कादंबरी-मालिकेतला रेजिस मात्र मनात घर करून राहतो. औषधी वनस्पतींचा वास येणारा, मृदू बोलणारा वैद्य. चेटकीण ठरवलेल्या एका मुलीला वाचवण्यासाठी तो निखाऱ्यातला लालबुंद नाल हाताने उचलतो, आणि हा व्हॅम्पायर आहे हे ओळखणारे तिथेच ओळखतात. या जगात वरच्या जातीच्या व्हॅम्पायरला जगायला रक्त लागत नाही. रक्त म्हणजे त्यांची दारू. रेजिसने तरुणपणी अतोनात ढोसली, त्यापायी भयंकर भोगलं, आणि सोडली. ऊन त्याला काही करत नाही. तरी तो व्हॅम्पायर आहे याची क्षणभरही शंका येत नाही, कारण सोडलेलं व्यसन सतत त्याच्या सोबत असतं.

ऑक्टेव्हिया बटलरच्या ‘फ्लेजलिंग’मध्ये (२००५) व्हॅम्पायर ही सरळ वेगळी जात आहे, जन्माला येणारी. त्यांच्या लाळेची माणसाला सवय लागते. माणूस निरोगी होतो, दीर्घायुषी होतो, पण त्या व्हॅम्पायरवाचून जगू शकत नाही. नायिका शोरीमध्ये माणसाची जनुकं मिसळलेली आहेत. तिच्या काळ्या कातडीमुळे ती दिवसा जागी राहते, उन्हात निभावते, आणि नेमक्या त्याच गोष्टीसाठी तिच्याच जातीतले काही जण तिच्या जिवावर उठतात. तुमच्या व्हॅम्पायरला जवळचं उदाहरण हेच.

पीटर वॉट्सने तर ‘ब्लाइंडसाइट’ या विज्ञान-कादंबरीत क्रूसाच्या भीतीला मेंदूच्या दोषात बसवलं. काटकोनात छेदणाऱ्या रेषा दिसल्या की व्हॅम्पायरला झटका येतो. निसर्गात काटकोन क्वचितच दिसतात, पण माणसाने घरं बांधली आणि ही शिकारी जात संपली.

तेव्हा तुमचा व्हॅम्पायर खुशाल बाजारात फिरू द्या. त्याला तिथे काय सोसावं लागतं ते मात्र मित्राला पानावर दिसू द्या: डोळे, कातडी, झोप, भूक, काहीही. आणि एकदा ठरवलेली अट शेवटच्या प्रकरणात सोयीसाठी मोडू नका. वाचायला सुरुवात ‘कार्मिला’पासून करा, एका बैठकीत होईल. मग ‘फ्लेजलिंग’ घ्या.