सायकल, नाडी आणि व्हेगस नस : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : वय 46. सकाळी नाडी 68 असते. सायकल काढून इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत घड्याळ 100 दाखवतं, तेव्हा दमही लागलेला नसतो. हृदय कमकुवत झालंय का?

उत्तर : नाही. तुमच्या नसा चोख काम करताहेत. हृदयाच्या उजव्या कर्णिकेत, म्हणजे वरच्या कप्प्यात, सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो. त्याच्यावर कुठल्याही नसेचा हुकूम नसेल, तर तो तरुण माणसात मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देतो. वयाबरोबर हा आकडा थोडा उतरतो. बसल्या जागी तुमची नाडी 68 दिसते, कारण मेंदूच्या बुडाशी उगम पावणारी व्हेगस नस लगाम खेचून धरते. पाय पेडलवर जोर देऊ लागला, की मेंदू स्नायूंना हुकूम सोडतो आणि त्याच क्षणी हा लगाम सैल करतो. मांडीचे स्नायू हलल्याची वर्दीही मेंदूला लगेच मिळते. व्हेगसचा परिणाम एका-दोन ठोक्यांत ओसरतो, ठोके वाढवणाऱ्या अनुकंपी (सिम्पथेटिक) नसांचा जोर चढायला मात्र कित्येक सेकंद लागतात. म्हणून गल्लीतली ही चढती नाडी बहुतांशी व्हेगसनं हात आखडता घेतल्याची खूण आहे.

हृदय प्रत्यारोपण झालेल्यांत या नसा तुटलेल्या असतात. त्यांची नाडी बसूनही 90-100 राहते आणि पेडल मारू लागल्यावर रक्तातल्या ॲड्रेनलिनच्या भरवशावर रेंगाळत वाढते. तुमची नाडी झटकन चढते, ही चांगली गोष्ट आहे.

प्रश्न : सुपर कॉरिडॉरवर मी तासभर निवांत चालवतो, तर मित्र म्हणतात हा व्यायामच नव्हे. रविवारी त्यांच्याबरोबर जानापावचा चढ चढलो की सोमवारी सकाळी घड्याळातला एचआरव्ही पडलेला असतो. चुकतंय कुठे?

उत्तर : मित्रांचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. एचआरव्ही म्हणजे दोन ठोक्यांमधल्या अंतरात होणारा बारीक फरक. तो मुख्यत्वे व्हेगस घडवते. गप्पा मारत पेडल मारता तेव्हा व्हेगस मागे सरकलेली असते, पण पुरती गेलेली नसते. बोलताना वाक्य तुटायला लागतं, त्या पातळीच्या आसपास हा फरक जवळपास नाहीसा होतो. त्यापुढे सगळ्यात हलका गिअर टाकूनही हँडल आवळून धरावं लागतं, तोंडातून दोन शब्दही निघत नाहीत. तिथे अनुकंपी नसा आणि रक्तातलं ॲड्रेनलिन यांचंच राज्य.

निवांत राईड आणि चढ यांतलं खरं अंतर सायकलवरून उतरल्यावर दिसतं. निवांत राईडनंतर, ती लांबची असली तरी, सराव असलेल्या माणसाची व्हेगस काही मिनिटांत जागेवर येते. जोरदार चढानंतर तिला तासन्‌तास लागू शकतात, कधी दुसरी सकाळ उजाडते. म्हणून आठवड्यातल्या बहुतेक राईड बोलता येईल अशाच ठेवा, चढाचा दिवस एखादाच. आणि एका सोमवारच्या आकड्यावरून घाबरू नका. अपुरी झोप, मद्य, अंगातली कणकण, सराफ्यात मध्यरात्रीपर्यंत चाललेलं खाणं, यांनीही तो पडतो. आठवड्याची सरासरी पाहा. चालत्या सायकलवर मनगटावरच्या घड्याळाचा एचआरव्ही तर विचारातच घेऊ नका; त्यासाठी छातीचा पट्टा हवा.

प्रश्न : चढ संपल्यावर थांबलो की गरगरतं. असं का?

उत्तर : पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि रक्त वर ढकलणारे पोटऱ्यांचे स्नायू एकदम थांबतात. रक्त पायांतच साचतं, दाब घसरतो. पाच-दहा मिनिटं हलक्या गिअरमध्ये फिरत राहा. याच वेळी पहिल्या मिनिटात नाडी किती उतरते तेही पाहा, कारण व्हेगस परतल्याचा तो पहिला पुरावा. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 1999 साली आलेल्या अभ्यासात, ट्रेडमिलच्या तपासणीनंतर पहिल्या मिनिटात 12 किंवा त्याहून कमी ठोके उतरलेल्यांमध्ये पुढच्या सहा वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. घरच्या मोजणीवरून स्वतःचं निदान करू नका, पण नाडी सतत सावकाश उतरत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. पेडल मारता मारताच चक्कर आली किंवा छातीत दाटून आलं, तर जागच्या जागी थांबा आणि त्याच दिवशी तपासून घ्या.

प्रश्न : बाबा रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल घेतात. कितीही चालवली तरी नाडी 110 च्या वर जात नाही. व्यायाम वाया जातोय का?

उत्तर : मुळीच नाही. ही गोळी अनुकंपी नसांचा निरोप हृदयापर्यंत पोचू देत नाही, म्हणून नाडी वर चढत नाही. स्नायू मात्र पुरेपूर काम करतात. वयावरून काढलेले नाडीचे तक्ते त्यांना लागू नाहीत. पूर्ण वाक्य बोलता येतंय का, एवढंच त्यांनी पाहावं. आणि नाडी चढावी म्हणून गोळी मनानं बंद करू नये. ती अचानक सोडल्यास छातीत दुखण्यापासून हृदयविकाराच्या झटक्यापर्यंत काहीही होऊ शकतं.