कांगोतले ‘बोलके ढोल’ खरंच वाक्यं बोलतात, की ठरावीक इशारेच देतात?

खरंच वाक्यं बोलतात. तिथल्या ‘केले’ नावाच्या भाषेत उंच आणि खालचा असे दोन सूर असतात. ओंडका कोरून केलेल्या, कातडं नसलेल्या ढोलाच्या फटीचे दोन काठ तेच सूर वाजवतात. व्यंजन-स्वर मात्र गळतात. त्यामुळे ‘सोंगे’ (चंद्र) आणि ‘कोको’ (कोंबडी) ढोलावर अगदी सारखेच ऐकू येतात. मग वादक चंद्राला ‘खाली पृथ्वीकडे बघणारा चंद्र’ म्हणतो. लांबण लावली की घोळ मिटतो, किती सुंदर तोडगा! ब्रिटिश मिशनरी जॉन कॅरिंग्टन यांनी कांगोतल्या किसांगानी शहराजवळच्या याकुसूत राहून, स्वतः ढोल शिकून हे नोंदवलं; त्यांचं पुस्तक १९४९चं. फक्त, ही वाक्यं बहुतेक ठरलेल्या शब्दबंधांचीच असतात आणि ती भाषा येणाऱ्यालाच कळतात.