मोडीचं 'बाळबोध' करायचं म्हणजे काय?

प्रश्न असा आला आहे: 'पणजोबांच्या नावची जमिनीची मोडी नक्कल घेऊन आम्ही कोल्हापुरात एका कचेरीत गेलो. तिथे सांगितलं, याचं बाळबोध करून आणा. म्हणजे सोप्या मराठीत भाषांतर करायचं का? आणि साध्या, सरळ माणसालाही बाळबोध म्हणतात, तो शब्द हाच का?'

भाषांतर नव्हे, लिप्यंतर. तुमच्या कागदातली भाषा मराठीच आहे. ती मोडी लिपीत आहे, ती देवनागरीत उतरवून हवी आहे, एवढाच अर्थ. 'मोडी भाषा' असं आता सर्रास लिहिलं जातं, ते मला फार खटकतं. एकाच भाषेसाठी दोन लिप्या शेकडो वर्षं शेजारी शेजारी वापरणारी आपण माणसं, आणि आपणच लिपीला भाषा म्हणावं?

बाळबोध हे देवनागरीचं आपल्याकडचं जुनं नाव. ते इंग्रजी शाळांच्या आधीपासूनचं आहे. सतराव्या शतकात दासबोधात 'ब्राह्मणें बाळबोध अक्षर। घडसुनी करावें सुंदर' असं स्वच्छ आलं आहे. बाळालाही बोध व्हावा अशी ही लिपी: प्रत्येक अक्षर सुटं, काना-मात्रा-वेलांटी जागच्या जागी. पोथ्या बाळबोधीत, दप्तर मोडीत, अशी ढोबळ वाटणी होती. छपाई आल्यावरही लगेच निकाल लागला नाही. मिशनरी विल्यम केरीने बंगालातल्या श्रीरामपूरला 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं ते देवनागरीत, आणि 1810 चा कोश मात्र मोडी खिळ्यांत.

मोडीचा कागद नीट पाहा. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढलेली असते, मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरं सलग लिहीत नेलेली. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा हे दिसायला सारखेच. कोणतं ते संदर्भावरून ठरवायचं. बाळबोध करणाऱ्याचं खरं कसब इथे लागतं. शब्द कुठे तोडायचा आणि वेलांटी पहिली की दुसरी, हे त्यालाच ठरवावं लागतं.

बाळबोध झालं तरी सगळं कळेलच असं नाही. 'राणू बिन सुभाना' यातलं 'बिन' म्हणजे 'चा मुलगा', 'शिवाय' नव्हे. कागद आणखी जुना असला तर तारखेआधी 'छ' दिसेल. ती चांद्र तारखेची खूण. 'सुहूर सन इहिदे सबैन अलफ' असं काही आलं तर सुहूर ही जुनी कालगणना, आणि पुढचे शब्द म्हणजे अरबी आकडे: एक, सत्तर, हजार, म्हणजे 1071. त्यात 599 मिळवले की 1670 येतं, आणि सुहूर वर्षाचा उत्तरार्ध, म्हणजे जानेवारी लागल्यानंतरचा भाग असेल तर 600 मिळवायचे.

आता माणसाचं. माझ्या मते दुवा 'वळण' या शब्दात आहे. अक्षराला वळण असतं तसं मुलालाही असतं. आडवाटेला न जाणारं, ठसठशीत अक्षर ते बाळबोध वळणाचं. तिथून ते विशेषण घराला आणि माणसाला लागलं. 'बाळबोध घराणं' म्हणताना जुन्या पिढीच्या मनात आदरच असायचा. बाळबोध म्हणजे बावळट, ही छटा अलीकडची. मी स्वतः त्या अर्थाने हा शब्द वापरत नाही.

लिपी आणि भाषा वेगळ्या, हे पटवून घ्यायला कोल्हापूरकराला लांब जायला नको. खिद्रापूरच्या कोपेश्वराला जा. तिथे कन्नड लेख आहेत आणि यादव राजा सिंघणाचा लेख देवनागरीत आहे, पण त्याची भाषा संस्कृत. कन्नड आणि देवनागरी या दोन्ही लिप्या ब्राह्मीतूनच उतरलेल्या.

तुमच्या कामापुरतं सांगायचं तर लिप्यंतर जाणत्या मोडी वाचकाकडूनच करून घ्या. मुळातलं शुद्धलेखन 'सुधारू' नका म्हणावं, ओळीला ओळ ठेवा म्हणावं, आणि न लागलेल्या अक्षराच्या जागी अंदाज न लिहिता टिंबं द्यायला सांगा. नक्कलच पुसट असेल आणि मूळ कागद करवीर संस्थानच्या काळातला असेल, तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात चौकशी करा. संस्थानचं मोडी दप्तर तिथे आहे.