आठव्या आठवड्यात मँचेस्टरला निघण्यापूर्वी

तुम्ही लिहिले आहे की यजमानांना मँचेस्टरमध्ये नोकरी मिळाली आहे, तुम्हाला गरोदरपणाचा आठवा आठवडा चालू आहे आणि पहिल्या खेपेस रक्तदाब वाढल्यामुळे नाशिकला ३३ व्या आठवड्यात सिझेरियन करावे लागले होते. आता त्यांच्याबरोबर जावे की बाळंतपण माहेरी करून मग जावे, हा तुमचा प्रश्न आहे. माझे पहिले बाळंतपण पुण्यात आणि दुसरे इंग्लंडमध्ये झाले, आणि दोन्ही खेपांना हेच दुखणे होते, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल जे लिहीन ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच अमलात आणावे.

माझे स्पष्ट मत असे आहे की जायचे असेल तर बाराव्या-तेराव्या आठवड्यापर्यंत तेथे पोहोचावे, आणि ते जमणार नसेल तर बाळंत होऊन, बाळ अंगाने भरल्यावर निघावे. मधल्या काळात, म्हणजे विसाव्या ते तिसाव्या आठवड्यात घर हलवणे सर्वांत वाईट, कारण एका डॉक्टरांचा हात सुटलेला असतो आणि दुसऱ्यांनी अजून धरलेला नसतो, आणि आपले दुखणे विसाव्या आठवड्यानंतर केव्हाही डोके वर काढू शकते. विमान कंपन्या बहुधा ३६ आठवड्यांपर्यंत नेतात, म्हणून वेळ आहे असे घरच्यांना वाटते. परंतु येथे प्रश्न विमानाचा नाही. ज्यांना आधीच्या खेपेस रक्तदाब झाला होता त्यांना बाराव्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत रोज ७५ ते १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन द्यावे, असे इंग्लंडमधील मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडे इकोस्प्रिन म्हणून मिळते तेच हे औषध. पहिली सोनोग्राफीही तेथे ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान होते आणि पुढची सारी गणिते तिच्यावरून मांडली जातात. कागदपत्रे रखडली तर ही गोळी नाशिकलाच सुरू करायची का, हे आजच विचारून ठेवा.

कागदपत्रे रखडण्याचे एक कारण आधीच सांगते. सहा महिन्यांहून अधिक काळाच्या व्हिसासाठी भारतातून जाणाऱ्यांना क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते आणि ती छातीच्या एक्स-रेने होते. गरोदर स्त्रीला पोटावर संरक्षक आवरण घेऊन एक्स-रे काढता येतो किंवा त्याऐवजी थुंकीची तपासणी मागता येते. मात्र थुंकीचा अहवाल यायला आठ आठवड्यांपर्यंत लागू शकतात. म्हणजे आज थुंकीची तपासणी निवडली तर सोळावा आठवडा येथेच उजाडेल. व्हिसाचा निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो, तो काळ वेगळाच. तुमच्या डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला.

पैशांची चिंता तुम्ही व्यक्त केली आहे, ती बऱ्याच अंशी सोडून द्या. व्हिसाच्या अर्जाबरोबर प्रत्येक प्रौढ माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार, तोही व्हिसाच्या सर्व वर्षांचा एकदम, भरावा लागतो. ही रक्कम एकाच वेळी जाते, तेव्हा जिवावर येते. परंतु एकदा भरल्यावर गरोदरपणाची तपासणी, सिझेरियन, रुग्णालयातील मुक्काम यांचे वेगळे बिल येत नाही, आणि खासगी विम्याप्रमाणे आधीच्या दुखण्याबद्दल अटी किंवा प्रतीक्षाकाळ नसतो. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर वर्षभर औषधांचे पैसेही लागत नाहीत. त्यासाठीचे प्रमाणपत्र मिडवाईफकडून, म्हणजे गरोदरपण आणि बाळंतपण पाहणाऱ्या प्रशिक्षित सुईणीकडून, मागून घ्यावे.

आता ज्या गोष्टीत माझी चूक झाली ती नीट सांगते. तेथे पोहोचल्यावर जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातील फॅमिली डॉक्टरांकडे, नाव नोंदवायचेच, पण प्रसूती विभागात जाण्यासाठी जीपीच्या चिठ्ठीची वाट पाहावी लागत नाही. रुग्णालयाच्या संकेतस्थळावर आपणच अर्ज भरू शकतो. त्यानंतर पहिली मोठी भेट मिडवाईफशी होते, डॉक्टरांशी नव्हे. ती तासभर प्रश्न विचारते आणि तिने संगणकात जे लिहिले त्यावरून तुम्ही जोखमीच्या गटात जाता की साध्या, हे ठरते. माझी पुण्याची फाईल तेव्हा सासरी कपाटात होती. "पहिल्या वेळी बीपी थोडे वाढले होते," एवढेच मी म्हणाले, आणि तिथेही ते नीट नोंदले गेले नाही. परिणामी मला साध्या गटात टाकले गेले आणि ॲस्पिरिन सतराव्या आठवड्यात, तेही नणंदेने फाईलचे फोटो पाठवल्यावर, सुरू झाले.

म्हणून डिस्चार्ज कार्ड, त्या वेळचे रक्तदाबाचे आणि लघवीतील प्रथिनांचे आकडे, बाळाचे वजन, सिझेरियनचे कारण आणि टाका कसा घेतला याची नोंद, हे सर्व डॉक्टरांकडून एका पानावर इंग्रजीत लिहून, सही-शिक्क्यासह घ्या. औषधांची नावे कंपनीची नव्हे, मूळ औषधाची लिहून घ्या. साखरेचे आकडे तेथे वेगळ्या मापात असतात. आपल्या आकड्याला १८ ने भागले की तेथला आकडा मिळतो, म्हणजे आपली १०१ ही त्यांची ५.६, आणि उपाशीपोटी तेवढी आली की तेथे गरोदरपणातील मधुमेह धरतात. आपण दक्षिण आशियाई म्हणून २४ ते २८ आठवड्यांत ही चाचणी तुमची होईलच.

दर महिन्याला सोनोग्राफी होत नाही, याचा धसका घेऊ नका. साध्या गरोदरपणात तेथे दोनच नेमाच्या सोनोग्राफी असतात. जोखमीच्या गटात गेल्यावर तज्ज्ञ डॉक्टरांच्या भेटी आणि बाळाची वाढ मोजणाऱ्या जादा सोनोग्राफी मिळतात. आपल्याकडे सर्रास सांगितली जाणारी पलंगावरची विश्रांती तेथे सांगत नाहीत, याचेही घरच्यांना आश्चर्य वाटेल. रुग्णालय निवडताना मात्र नवजात बाळांचा विभाग कोणत्या दर्जाचा आहे हे विचारा, कारण सर्वच रुग्णालयांत फार लवकर जन्मलेल्या बाळांची सोय नसते. मँचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात नवजात अतिदक्षता विभाग आहे, आणि तुमच्या इतिहासात ही गोष्ट घरापासूनच्या अंतरापेक्षा महत्त्वाची आहे.

माझ्या एकतिसाव्या आठवड्यातील शनिवारची रात्र मला अजून स्पष्ट आठवते. डोके सकाळपासून दुखत होते, स्वयंपाकघरातील दिव्याभोवती चमचम दिसत होती आणि मी "सोमवारी सांगू, एवढ्या रात्री कशाला त्रास द्यायचा" म्हणत भांडी आवरत होते. यजमानांनी प्रसूती विभागाच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडच्या मिडवाईफने तीन प्रश्न विचारले आणि "बॅग घेऊन आत्ता या" असे सांगितले. रक्तदाब १६४/१०८ होता. गोळ्यांनी तो तीन आठवडे रोखून धरता आला, मुलगी ३४ व्या आठवड्यात झाली आणि सोळा दिवस काचपेटीत राहिली.

न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे, बरगड्यांखाली दुखणे, उलट्या, चेहऱ्यावर व हातांवर अचानक सूज, यांपैकी काहीही झाले तर तो क्रमांक लावा आणि "थोडेसे" हा शब्द तोंडून काढू नका. आपण सौजन्याने त्रास कमी करून सांगतो आणि ऐकणारा ते शब्दशः लिहून घेतो. ब्रिटनमध्ये बाळंतपणात मृत्यू होण्याचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांपेक्षा आशियाई स्त्रियांत जास्त असल्याचे तेथील राष्ट्रीय अहवाल वर्षानुवर्षे दाखवत आहेत, म्हणून हे मी कळकळीने सांगते. इंग्रजीची अडचण वाटली तर दुभाषा विनामूल्य मागता येतो. यजमानांनीच भाषांतर केले पाहिजे असे नाही.

यजमानांच्या नोकरीबद्दल एवढेच सांगते की बाळाला जन्मानंतर २८ दिवसांच्या आत दाखल करावे लागले आणि मुक्काम सलग सात पूर्ण दिवस किंवा त्याहून अधिक झाला, तर ६ एप्रिल २०२५ पासून पालकांना बारा आठवड्यांपर्यंत जादा रजेचा हक्क आहे, आणि तो नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो. मात्र त्या रजेचा पगार मिळण्यासाठी काही महिने नोकरी झालेली असावी लागते.

आईंना बोलवायचे असेल तर तिसाव्या आठवड्याच्या सुमारास बोलवा, सदतिसाव्याला नको. तुमचे बाळ तेवढी वाट पाहीलच असे नाही. पाहुण्यांच्या व्हिसावर त्या सहा महिने राहू शकतात, पण त्यांना स्वतःला दाखल करावे लागले तर मोठे बिल येते, म्हणून त्यांचा प्रवासविमा चांगला घ्या. माझी आई आली ती कालनिर्णय घेऊन. रुग्णालयातून लवकर घरी सोडतात, आणि रक्तदाब तर बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पुन्हा चढू शकतो. आई सकाळ-संध्याकाळ पट्टा बांधून आकडे त्या तारखांच्या चौकटीत लिहीत असे. पाचव्या दिवशी घरी आलेल्या मिडवाईफने भिंतीवरचे ते पान पाहिले, लगेच डॉक्टरांना फोन केला आणि त्याच दुपारी माझी गोळी बदलली गेली.