चिया पुडिंग आणि ‘घशात अडकेल’ची धास्ती

सात-आठ महिन्यांच्या बाळांच्या आया हल्ली हमखास विचारतात, “मॅडम, चिया दिलं तर घशात अडकणार नाही ना?” धास्ती अगदीच खोटी नाही. चिया हे बारीक बी आपल्या वजनाच्या दहापट पाणी शोषून फुगतं, त्यामुळे कोरडं बी खिरीवर भुरभुरवूनसुद्धा बाळाला द्यायचं नाही. मोठ्यांनीही ते कोरडं तोंडात टाकून वर पाणी पिऊ नये. पूर्ण भिजलेल्या चियाची गोष्ट वेगळी.

एका आईची केस सांगते. लेक आठ महिन्यांची. चिया पुडिंगचा, म्हणजे दुधात भिजवलेल्या चियाचा, चमचा तोंडात गेला की तिला उबळ यायची, आई घाबरून पाठ थोपटायची आणि सासूबाई म्हणायच्या, “ही थेरं सोड, नाचणीचं सत्त्व दे.” काही भेटी या वादातच गेल्या. मग मी विचारलं, “तुम्ही स्वतः खाऊन पाहिलंत का ते?”

“नाही हो. तिचं वेगळंच करते ना मी.”

पुढच्या वेळी डबा आणायला सांगितलं. वरून मऊसूत दिसत होतं. चमचा तळाला घातला तर सुपारीएवढ्या गुठळ्या लागल्या. एक फोडली, आत दाणे तसेच कोरडे. दुसरी तिने तोंडात घेतली, चावता चावता थांबली. “अहो, हे मलाच गिळवत नाहीये. म्हणजे पोरीचं बरोबरच होतं की!”

खरं काम त्या क्षणी झालं, असं मी मानते. तोवर बाळाचं तोंड फिरवणं तिला स्वतःचं नापास होणं वाटत होतं. आता ते बाळाचं सांगणं वाटू लागलं. मी सगळ्याच घरांना हे सांगते: काय वाढायचं ते आईने ठरवावं, किती खायचं ते बाळाने. आणि वाढणाऱ्याने आधी चाखावं.

गुठळ्या का होतात? ओलं झालं की बियांभोवती लगेच चिकट थर येतो. ढीग एकदम ओतला की बाहेरच्या बिया एकमेकींना चिकटतात आणि आत पाणी पोचतच नाही. म्हणून अर्धा लिटर उकळून कोमट केलेलं दूध ढवळत ढवळत त्यात सहा पोह्याचे चमचे चिया सोडायचं. पाच मिनिटांनी रवीने घुसळायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा, आणि मग रात्रभर फ्रिजमध्ये. साखर-गूळ आधी घालायचा नाही.

बाळासाठी चिया आधी मिक्सरमध्ये दळून घेतलं तर उत्तम: लवकर भिजतं, पचायलाही सोपं. अख्खं बी बऱ्याचदा शीतून जसंच्या तसं बाहेर पडतं, त्याने घाबरू नये. पूड थोडीच करावी, तेलकट बी असल्याने खवट होते. दळलेल्याला दूध थोडं जास्त लागतं.

सकाळी बाळाचा वाटा आधी काढायचा, आईच्या दुधाने किंवा कोमट पाण्याने पातळ करून त्यात केळं किंवा चिकू कुस्करायचा. पहिल्या दिवशी अर्धा चमचा पुरे आणि तीन दिवस दुसरा नवा पदार्थ नको. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही. उरलेल्या भांड्यात मोठ्यांसाठी गूळ, वेलची, आंबा काहीही. पपई, किवी, अननस मात्र खाताना घाला. रात्रभर दुधात राहिले की कडवटपणा येतो.

उबळ आणि गुदमरणं यांतला फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. उबळीत बाळ खोकतं, आवाज करतं, लाल होतं. तेव्हा तोंडात बोट न घालता थांबायचं. आवाज बंद, खोकला नाही, ओठ निळसर, तर ते गुदमरणं. वर्षाच्या आतल्या बाळाला डोकं खाली राहील असं हातावर पालथं घेऊन दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यभागी एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच दाब, आणि कोणीतरी 108 लावायचा. भरवताना बाळ सरळ बसलेलंच हवं.

सासूबाईंचा प्रश्न शेवटी आला: “सब्जा थंड असतो, सर्दी होईल ना?” हा सब्जा नाही, आजी. सब्जा पूर्ण काळा असतो आणि काही मिनिटांत फुगतो. चिया करडं, ठिपकेदार, आणि सावकाश फुगतं. नाचणीच्या बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे: चियावाचून बाळाचं काही अडत नाही. सत्त्व चालू ठेवा, चिया आठवड्यातून दोनदा पुरे. बाळाच्या वाटीतलं उष्टं टाकून द्यायचं, भांड्यातलं दोन दिवसांत संपवायचं.